भिंतीवरचा चेंडू : रॅकेटबॉलचे नियम आले कोठून?

१/
कर्जत आणि खालापूर तालुक्यांत गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या वसाहतींच्या क्लबहाउसांत शनिवारी सकाळी कधी कधी एक दृश्य दिसते. चार भिंतींची बंद खोली, लाकडी जमीन, आखूड दांड्याच्या रॅकेट आणि टणाटण उडणारा निळा चेंडू. मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी आलेली मंडळी हौसेने खेळत असतात आणि दहा मिनिटांत वाद सुरू होतो. चेंडू छताला लागला तर चालतो का? खालच्या पत्र्याला लागला तर? आणि "तू मध्ये उभा होतास" असे एकाने म्हटल्यावर गुण कोणाचा? आजचा धागा या तीन प्रश्नांविषयी आहे. उत्तरे नियमपुस्तकात सापडतात. ती तशी का आहेत, हे मात्र इतिहासात सापडते.

२/
आधी एक खुलासा. 'रॅकेटबॉल' या नावाखाली दोन चुलत भाऊ वावरतात. एक अमेरिकेचा. त्याचे कोर्ट ४० फूट लांब, २० फूट रुंद आणि २० फूट उंच. दुसरा इंग्लंडचा. तो स्क्वॉशच्या ३२ फूट लांब व २१ फूट रुंद कोर्टावर खेळला जातो आणि २०१६ पासून जागतिक स्क्वॉश महासंघाने त्याला 'स्क्वॉश ५७' असे नाव दिले आहे. ५७ हा चेंडूच्या व्यासाचा आकडा, मिलिमीटरमध्ये. आपल्याकडे अमेरिकी मापाची कोर्टे विरळा, स्क्वॉशची पुष्कळ. त्यामुळे आपण जो 'रॅकेटबॉल' खेळतो तो बहुधा दुसरा भाऊ असतो. पण आंतरजालावर नियम शोधले की हाती लागतात ते पहिल्याचे. निम्मे वाद येथेच जन्मतात.

३/
या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे 'रॅकेट्स' हा खेळ, आणि त्याचे जन्मस्थान म्हणजे तुरुंग. अठराव्या शतकातील लंडनमध्ये फ्लीट आणि किंग्ज बेंच या कारागृहांत कर्ज फेडू न शकलेल्या माणसांना डांबून ठेवीत. देणे फिटेपर्यंत सुटका नाही, आणि आत राहून कमाई करण्याची सोयही फारशी नाही. वेळ मात्र अमाप. अंगणात उंच भिंत होती. त्या भिंतीवर लहानसा कठीण चेंडू रॅकेटने मारीत राहणे, हा त्या कैद्यांचा विरंगुळा झाला. या खेळाचा पहिला जगज्जेता म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो रॉबर्ट मॅके हा १८२० मधला असाच एक ऋणको कैदी होता.

४/
तुरुंगातून हा खेळ खानावळींच्या परसात गेला आणि तेथून श्रीमंतांच्या शाळांत. हॅरो ही शाळा त्यात अग्रेसर. रॅकेट्सचे कोर्ट मोठे, चेंडू दगडासारखा आणि वेग भयंकर. आपली पाळी येईपर्यंत लहान मुले आसपासच्या अरुंद जागेत रबरी चेंडूने सराव करीत. तो चेंडू भिंतीवर आपटला की दबत असे. 'दबणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच 'स्क्वॉश' हे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पोरखेळाला स्वतःची कोर्टे मिळाली. थोरल्या खेळासाठी वाट पाहणाऱ्या मुलांनी घडवलेला धाकटा खेळ पुढे थोरल्यापेक्षा कितीतरी अधिक पसरला.

५/
हिंदुस्थानात रॅकेट्स आला तो इंग्रजी पलटणींबरोबर. छावणी तेथे कोर्ट, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी झाला. पश्चिमेकडे या साहेबी जीवनाची दोन केंद्रे होती : मुंबई आणि पुणे. त्या दोहोंमधला रस्ता म्हणजेच आपला खालापूर-कर्जतचा पट्टा. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. आगगाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचली आणि १८५८ मध्ये वरच्या बाजूने खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट प्रवासी पालखीने, घोड्यावर किंवा पायी चढत. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले.

६/
याच पट्ट्यात १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा डोंगर 'शोधला', असे इतिहास सांगतो. डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना तो अर्थात ठाऊकच होता. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. घाटाच्या वरच्या टोकाला, पुण्यात, १८७० च्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी बॅडमिंटनचे नियम लिहून काढले. त्या खेळाला काही काळ 'पूना' असेच म्हणत. सुट्टी, हवापालट आणि खेळ यांचे जे त्रिकूट आज शनिवारी द्रुतगती मार्गावर गर्दी करते, त्याची पहिली पावले दीडशे वर्षांपूर्वी याच वाटेने गेली.

७/
साहेब खेळत; पण कोर्ट चालवीत कोण? त्यासाठी 'मार्कर' नावाचा नोकर असे. दार उघडणे, चेंडू पुरवणे, गुण मोठ्याने पुकारणे, वाद झाला तर निवाडा देणे आणि जोडीदार न मिळालेल्या सभासदाबरोबर खेळणे, ही त्याची कामे. म्हणजे खेळणारे बदलत, मार्कर तोच राही. सकाळ-संध्याकाळ भिंतीवरून चेंडू कसा परततो हे जो पाहतो, त्याच्याइतके भिंतीचे ज्ञान दुसऱ्या कोणाला होणार? क्लबाच्या वहीत त्याचे नाव सभासद म्हणून नसे. कोर्टावर मात्र त्याचा शब्द प्रमाण असे.

८/
मुंबईतला असाच एक पारशी मार्कर म्हणजे जमशेटजी. इंग्रजी नोंदींत तो 'जमशेटजी मार्कर' याच नावाने येतो. हुद्दाच त्याचे आडनाव होऊन बसला. १९०३ मध्ये हा मुंबईकर रॅकेट्सचा जगज्जेता झाला. त्या काळाचा संदर्भ ध्यानात घ्यावा. हिंदुस्थानच्या संघाने पहिली क्रिकेट कसोटी खेळण्यास अद्याप २९ वर्षे अवकाश होता आणि हॉकीतले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक २५ वर्षे दूर होते. इंग्रजांच्या शाळांनी व पलटणींनी आपला मानलेल्या खेळात, ज्या माणसाचे काम साहेबांचे गुण मोजण्याचे होते, तो जगात पहिला ठरला.

९/
हा किताब जमशेटजीकडे १९११ पर्यंत राहिला. त्या वर्षी चार्ल्स विल्यम्स या इंग्रज व्यावसायिक खेळाडूने तो जिंकला. हेच विल्यम्स पुढच्या वर्षी अमेरिकेत सामना खेळण्यासाठी निघाले ते 'टायटॅनिक' जहाजाने, आणि त्या अपघातातून बचावले. जगभर टायटॅनिकच्या कथा सांगताना विल्यम्सचा उल्लेख आजही येतो. त्यांच्या आधी आठ वर्षे जगज्जेता असलेल्या मुंबईच्या मार्करचे नाव मात्र महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात क्वचितच आढळते. हरलेल्याला जग विसरते हे खरे. पण जिंकलेल्यालाही विसरायचे असेल, तर तो आधी 'नोकर' असावा लागतो.

१०/
ही एकट्याची गोष्ट नाही. स्क्वॉशचा महापुरुष हाशिम खान पेशावरजवळच्या गावचा. लहानपणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबात कोर्टाबाहेर गेलेले चेंडू तो आणून देई. तेथली कोर्टे बिनछपराची होती. साहेब उन्हाला कंटाळून गेले की हा अनवाणी पायांनी एकटाच खेळे. १९४४ मध्ये मुंबईत झालेली अखिल हिंदुस्थान स्पर्धा त्याने जिंकली. तेव्हा त्याच्याकडून हरलेला अब्दुल बारी फाळणीनंतर मुंबईतच राहिला आणि १९५० च्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेत भारताकडून अंतिम फेरीपर्यंत पोचला. ते वर्तमान ऐकून हाशिमला धीर आला. १९५१ मध्ये त्याने तीच स्पर्धा जिंकली आणि पुढे एकूण सात वेळा.

११/
आता अमेरिकेकडे वळू, कारण आपला निळा चेंडू तेथून आला. आयरिश स्थलांतरितांनी अमेरिकेत हाताने चेंडू भिंतीवर मारण्याचा हँडबॉल हा खेळ नेला होता. वायएमसीएच्या इमारतींत त्याची ४० बाय २० फुटांची बंद कोर्टे होती. कनेक्टिकट राज्यातील ग्रिनिच येथे जो सोबेक नावाचा टेनिस व हँडबॉलचा खेळाडू होता. रबराच्या कारखान्यात तो नोकरी करी. हँडबॉलने हात सुजतात म्हणून १९५० च्या सुमारास त्याने आखूड दांड्याची, तारा बांधलेली रॅकेट करवून घेतली. नव्या कोर्टाची गरज नव्हती, कारण कोर्ट तयारच होते. बदलायचा होता तो केवळ हात आणि चेंडू.

१२/
१९६९ मध्ये रॉबर्ट केंडलर यांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि 'रॅकेटबॉल' हे नाव रूढ झाले. सत्तरच्या दशकात अमेरिकेत या खेळाची लाट आली. १९८१ मध्ये त्याचा 'वर्ल्ड गेम्स'मध्ये समावेश झाला. इंग्लंडमध्ये इयान राइट यांनी १९७६ मध्ये तोच चेंडू आणि तशीच आखूड रॅकेट स्क्वॉशच्या कोर्टात आणली. तेथेही कोर्टे तयारच होती. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की या घराण्यातला प्रत्येक खेळ आधीच उभ्या असलेल्या भिंतींशी जुळवून घेत जन्मला. म्हणून नियम समजून घ्यायचे असतील, तर आधी भिंतींकडे पाहावे.

१३/
पहिला प्रश्न : छत. हँडबॉलच्या बंद खोलीत छतही खेळाचा भाग होते. तोच वारसा अमेरिकी रॅकेटबॉलला मिळाला. रॅली चालू असताना चेंडू छताला लावून समोरच्या भिंतीवर पाठवता येतो. सर्व्हिस करताना मात्र छत वर्ज्य. स्क्वॉशच्या कोर्टात उलट. समोरच्या भिंतीवर सुमारे साडेचार मीटर उंचीवर बाहेरची रेघ असते, ती बाजूच्या भिंतींवरून मागे उतरत जाते, आणि तिच्या वर गेलेला चेंडू बाद. छताचा तर प्रश्नच नाही. तेव्हा स्क्वॉशच्या कोर्टात उभे राहून "अमेरिकेत छत चालते" असे म्हणणे म्हणजे खो-खोच्या मैदानावर कबड्डीचा नियम सांगणे होय.

१४/
दुसरा प्रश्न : खालचा पत्रा, ज्याला 'टिन' म्हणतात. स्क्वॉशच्या कोर्टात समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी ४८ सेंटिमीटर उंचीची पट्टी असते. तिला चेंडू लागला की टणत्कार होतो आणि रॅली संपते. कोणाला विचारायची गरज उरत नाही. अमेरिकी कोर्टात टिन नाही. तेथे चेंडू जमिनीपासून बोटभर उंचीवर भिंतीला लागून घरंगळत आला, तर तो सर्वोत्तम फटका ठरतो आणि त्याला उत्तर नसते. म्हणून अमेरिकी खेळ घाव घालून संपवण्याचा, तर स्क्वॉश ५७ हा चेंडू मागे ठेवून प्रतिस्पर्ध्याला पळवण्याचा. टिनची एक पट्टी सगळे डावपेच बदलून टाकते.

१५/
सर्व्हिसचा नियम दोन्हीकडे एका बाबतीत सारखा : चेंडू हातातून सोडून जमिनीवर एकदा टप्पा पाडायचा आणि मग मारायचा. अमेरिकी कोर्टात समोरच्या भिंतीपासून १५ फुटांवर सर्व्हिसची रेघ आणि २० फुटांवर, म्हणजे बरोबर मध्यावर, 'शॉर्ट लाइन' असते. सर्व्हिस या दोन रेघांमधल्या पट्ट्यातून करावी. चेंडू प्रथम समोरच्या भिंतीलाच लागला पाहिजे. त्यानंतर फार तर एका बाजूच्या भिंतीला. आणि शॉर्ट लाइनच्या पलीकडे टप्पा पडला पाहिजे. टप्प्याआधी छत, मागची भिंत किंवा दोन्ही बाजूंच्या भिंती लागल्यास फॉल्ट. सलग दोन फॉल्ट झाले की सर्व्हिस गेली.

१६/
स्क्वॉश ५७ मध्ये सर्व्हिस चौकोनातून करतात. चेंडू समोरच्या भिंतीवर टिनच्या वर आणि बाहेरच्या रेघेच्या खाली लागून पलीकडच्या मागच्या चतुर्थांशात पडला पाहिजे. परतवणाऱ्यासाठी अमेरिकी नियमात एक बंधन आहे : शॉर्ट लाइनच्या मागे पाच फुटांवर तुटक रेघ असते, आणि चेंडूचा टप्पा पडेपर्यंत किंवा चेंडू ती रेघ ओलांडेपर्यंत त्याने ती पार करू नये. कारण साधे आहे. सर्व्हिस करणारा त्याच्या पुढ्यात, पाठमोरा उभा असतो. त्या पाच फुटांत माणसाची पाठ आणि दुसऱ्याची रॅकेट एकत्र येऊ नयेत, एवढाच हेतू.

१७/
गुणांचे गणितही जुन्या घराची खूण बाळगते. रॅकेट्समध्ये सर्व्हिस ज्याच्या हाती, त्यालाच गुण मिळे. समोरचा जिंकला तर त्याला केवळ सर्व्हिस मिळे. अमेरिकी रॅकेटबॉलने हीच रीत घेतली : १५ गुणांचे दोन डाव आणि बरोबरी झाल्यास ११ गुणांचा तिसरा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आता प्रत्येक रॅलीला गुण, ११ गुणांचे डाव, अशी पद्धत आली आहे. स्क्वॉश ५७ मध्येही तशीच. हौशी मंडळींसाठी जुनी रीत एका कारणाने सोयीची ठरते. तिघेच जमले, तर सर्व्हिस करणारा एकटा आणि समोर दोघे, असा डाव फिरवत खेळता येतो. कोणालाही बाहेर बसावे लागत नाही.

१८/
तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचा : मध्ये कोण उभे होते? टेनिस किंवा बॅडमिंटनमध्ये जाळे दोघांना वेगळे ठेवते. येथे दोघेही एकाच खोलीत, एकाच भिंतीकडे तोंड करून, एकाच जागेसाठी झटतात. म्हणून वाट देण्याचा नियम हाच या खेळाचा कणा आहे. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हे खोपोलीच्या चालकाला शिकवावे लागत नाही. येथेही तसेच : ज्याची मारण्याची पाळी, त्याला वाट. फटका मारून झाला की तुमचा त्या जागेवरचा हक्क संपला. बाजूला होणे हे तुमचे कर्तव्य.

१९/
किती वाट द्यावी? अमेरिकी नियमानुसार प्रतिस्पर्ध्याला समोरच्या भिंतीवर सरळ आणि तिरका, असे दोन्ही फटके मोकळेपणाने मारता आले पाहिजेत. स्क्वॉशच्या परंपरेत चेंडूपर्यंत जाण्याची वाट, रॅकेट फिरवण्याची जागा आणि समोरची संपूर्ण भिंत, एवढे द्यावे लागते. अडथळा अजाणता झाला आणि निकाल अनिश्चित होता, तर रॅली पुन्हा खेळावी. टाळता येण्याजोगा होता, किंवा प्रतिस्पर्ध्याचा हमखास फटका हुकला, तर रॅली त्याला द्यावी. जाणूनबुजून केले की नकळत, या चर्चेत वेळ घालवू नये. तुम्ही बाजूला होऊ शकत होता का, एवढाच प्रश्न विचारावा.

२०/
या नियमाचा एक पोटनियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. समोरच्याला चेंडू किंवा रॅकेट लागेल अशी शंका आली, तर फटका न मारता थांबावे आणि रॅली पुन्हा मागावी. थांबणाऱ्याचे नुकसान होत नाही. डोळ्यांवर खेळाचा जाड चष्मा हवाच. अमेरिकेतल्या अधिकृत स्पर्धांत तो सक्तीचा आहे. रबरी चेंडू वेगाने आदळला की दबतो आणि डोळ्याच्या खोबणीत शिरतो. नेहमीचा काचेचा चष्मा अशा वेळी रक्षण करण्याऐवजी इजाच करतो. रॅकेटची दोरी मनगटात अडकवावी. घामाने निसटलेली रॅकेट मित्र आणि शत्रू पाहत नाही.

२१/
आता थोडे तंत्र. रॅकेटबॉलची रॅकेट जास्तीत जास्त २२ इंच लांब, म्हणजे स्क्वॉशच्या रॅकेटपेक्षा सुमारे पाच इंच आखूड. त्यामुळे चेंडूपर्यंत रॅकेट नेण्याआधी पाय न्यावे लागतात. गुडघे किंचित वाकलेले, वजन पायाच्या पुढच्या भागावर, रॅकेट कमरेच्या वर तयार. चेंडू कोणत्या बाजूला येतो ते कळताच खांदा वळवावा आणि रॅकेट मागे न्यावी. चेंडू जवळ आल्यावर नव्हे. समोरच्या भिंतीकडे छाती करून मारलेला फटका हाताचाच राहतो. बाजूच्या भिंतीकडे तोंड करून मारलेल्या फटक्यात कंबर आणि खांदा उतरतात.

२२/
नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई. निळा चेंडू खूप उडतो, म्हणून तो छातीच्या उंचीवर असतानाच मारण्याचा मोह होतो. त्याला खाली येऊ द्यावे. गुडघ्याच्या खाली आलेला चेंडू मारला, तर तो समोरच्या भिंतीवर खाली लागतो आणि परतताना फार उडत नाही. दुसरी चूक म्हणजे मागच्या भिंतीकडे जाणाऱ्या चेंडूचा उलटा पाठलाग. चेंडू मागच्या भिंतीला लागून पुढे येणारच असतो. त्याच्याबरोबर मागे जावे, त्याच्याबरोबर पुढे यावे आणि मग मारावे. भिंत हा प्रतिस्पर्धी नाही. ती चेंडू तुमच्याकडे परत आणून देते.

२३/
जागेचे भान सर्वांत मोलाचे. फटका मारला की कोर्टाच्या मध्याकडे, शॉर्ट लाइनच्या थोडे मागे परतावे. तेथून चारही कोपरे सारख्या अंतरावर येतात. प्रतिस्पर्ध्याने ती जागा घेतली असेल, तर त्याला तेथून हलवावे. अमेरिकी कोर्टात त्यासाठी छताचा फटका आहे : चेंडू समोरच्या भिंतीपासून दोन-तीन फुटांवर छताला लागतो, मग भिंतीला, आणि उंच टप्पा घेऊन मागच्या भिंतीशी पडतो. स्क्वॉशच्या कोर्टात छत नसल्याने हेच काम समोरच्या भिंतीवरचा उंच, संथ फटका करतो. संकटात सापडल्यावर जोरात मारण्यापेक्षा उंच मारणे शहाणपणाचे.

२४/
आपल्या पट्ट्यासाठी एक खास सूचना. कर्जत-खालापूरचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. आषाढ-श्रावणात बंद कोर्टाच्या भिंतींना ओल येते आणि लाकडी जमिनीवर दमटपणाचा पातळ थर धरतो. ओल्या भिंतीवरून चेंडू नेहमीसारखा न उडता घसरतो, आणि माणूसही घसरतो. खेळापूर्वी जमिनीवरून हात फिरवावा. ओल लागली तर पुसून घ्यावे, तरीही राहिली तर त्या दिवशी खेळू नये. चेंडूही पुसत राहावा. बाहेर वापरलेले बूट आत आणू नयेत. तळव्याला लागलेली लाल माती लाकडाचा घात करते.

२५/
हे सगळे ज्याला आपल्याआधी ठाऊक असते, असा एक माणूस बहुतेक क्लबहाउसांत असतो. कोर्टाची किल्ली त्याच्याजवळ असते. कोणत्या कोपऱ्यात ओल धरते, कोणती फळी दबते, कोणत्या वेळी कोण येतो, हे तोच सांगतो. तो बहुधा आसपासच्या एखाद्या गावातला तरुण असतो. शनिवार-रविवारी दिवसभर काचेपलीकडून तो खेळ पाहतो आणि सोमवारी रिकामे कोर्ट झाडून कुलूप लावतो. त्याला कोणी 'मार्कर' म्हणत नाही. काम मात्र पुष्कळसे तेच आहे.

२६/
जमशेटजी जगज्जेता होऊ शकला, कारण मार्करला खेळू देणे हा त्या काळच्या कामाचाच भाग होता. उच्चनीचता पुरेपूर होती, पण रॅकेट त्याच्या हाती होती. आजच्या नियमावलीत सभासद, पाहुणे आणि कर्मचारी असे रकाने असतात, आणि तिसऱ्या रकान्यापुढे बहुधा 'खेळण्यास मनाई' असते. वाट देण्याचा नियम आपण कोर्टाच्या आत पाळतो. तो दारापाशीही पाळता येईल. पुढच्या शनिवारी जोडीदार उशिरा आला, तर मोबाइल पाहत बसण्याऐवजी काचेपलीकडच्या त्या तरुणाला आत बोलवावे, एक चष्मा द्यावा आणि सर्व्हिस त्याला करू द्यावी.

२७/
थोडक्यात उजळणी. कोर्ट कोणते ते आधी पाहा : टिन असेल तर स्क्वॉश ५७, नसेल तर अमेरिकी रॅकेटबॉल. टिन असेल तेथे छत बाद. अमेरिकी कोर्टात रॅलीत छत चालते, सर्व्हिसला नाही. ज्याची पाळी, त्याला वाट. शंका आली तर थांबा आणि पुन्हा खेळा. आणि कोणी विचारले, की या खेळात आपल्याकडचे कोणी मोठे झाले होते का, तर सांगा : याच घराण्याच्या मूळ खेळात १९०३ ते १९११ या काळात जगज्जेता मुंबईचा होता, त्याचे नाव जमशेटजी आणि काम गुण मोजण्याचे. धागा समाप्त.